सुवार्ताचं नाव

पाय वर घ्या रे समद्यांनी, गच्चीवरच झोपायचं आज. खाली फरशीचं सिमेंट ओलं हाय. रातून कुनी पानी प्यायला उतरलं अन् फरशी हलली, तर सकाळी चौसाळ्यातून हाकलून देतील आपल्याला.

हरिओम, तू मघाशी इचारलंस ना, बंकट मिस्त्री दिवस मावळला की छन्नी-हातोडी खाली कावून ठेवतो? चार फरश्या राहिल्या व्हत्या. मालक म्हनला, लाइट लावून देतो, उरकून टाका. तरी त्यानं न्हाई म्हनलं अन् गाडी काढून सिरसाळ्याला गेला. तुमाला वाटलं नखरे करतो. नखरे न्हाईत बे. मी त्याच्यासंगं बावीस वर्सं काम केलंय, मी भिती बांधायचो अन् तो फरशी घालायचा. हे त्यानं फकस्त मला सांगितलंय. मी कुनाला सांगितलं न्हाई. आज सांगतो, पन उद्या त्याच्या तोंडाकडं बगून हसू नका.

बंकट ख्रिस्ती हाय, तुमाला ठाऊक हाय. नाव आज्याचं, धर्म बापाचा. सिरसाळ्याच्या कडंला त्यांची वीस-बावीस घरं हायेत. बारकं चर्च हाय. त्याची बायको सुवार्ता, तिथंच एका दवाखान्यात सिस्टर. वळख कशी झाली म्हनाल तर, ग्राइंडरनं ह्याचा तळहात फाटला व्हता अन् तिनं मलमपट्टी केली. सात टाके पडले व्हते. बंकट म्हनायचा, काका, सातव्या टाक्याला मी ठरवलं.

पन सुवार्ता इधवा व्हती. पयला नवरा शांतवन. चर्चमधी पेटी वाजवायचा. मी एकदा ऐकलाय, लई गोड हात. काविळीनं गेला, दोन हजार पंधरा साली. तीस वर्साचा व्हता. सुवार्ता सव्वीस. शांतवनची आई, केसरबाई, तिनं कबरीवर काळ्या कडप्प्याचा दगड बसवला. रुंद दगड, दोघांच्या मापाचा. डाव्या अंगाला ल्येकाचं नाव, खाली जल्माची तारीख, मेल्याची तारीख, अन् 'प्रभूत झोपी गेला'. उजव्या अंगाला सुनंचं नाव. सुवार्ता. खाली तारीख मोकळी. शेजारची जागा बी राखून ठेवलेली. त्यांच्यात तसं करतेत. नवरा-बायको संगं निजतील, अन् शेवटच्या दिवशी संगं उठतील. सुवार्तानं तवा हो म्हनलं व्हतं. रडून रडून डोळ्यात पानी उरलं न्हवतं बिचारीच्या, ती कशाला न्हाई म्हनती?

तीन वर्सांनी बंकटसंगं लगीन झालं. केसरबाईनंच लावून दिलं म्हना की. म्हातारी मोठ्या मनाची.

आता इथून खरी गोष्ट. बंकट जळायला लागला.

बगा, बाईला सवत आसती. गड्याला काय आसतं? त्याला शब्दच न्हाई आपल्यात. शब्द न्हाई म्हनून कुनाला सांगता बी येत न्हाई. अन् जित्या मानसाशी भांडता येतं, गचांडी धरता येती. मेलेल्याचं काय करायचं? तो चुकत न्हाई, दारू पीत न्हाई, बायकोवर वरडत न्हाई. तो तिथं तीस वर्साचाच बसलेला. इकडं बंकटचे केस पांढरे व्हायला लागले.

सुवार्ता शांतवनचं नाव बी काढायची न्हाई. तेच ह्याला टोचायचं. काढलं आसतं तर बरं, म्हनायचा. न्हाई काढत म्हंजे आत ठेवलंय. ती बिनसाखरेचा चहा प्यायची. एक दिवस केसरबाई सहज बोलून गेली, माझ्या शांतवनला बी गोड चहा चालायचा न्हाई. झालं. त्या दिसापसून बंकटनं घरचा चहा सोडला. हाटेलात प्यायचा, चार चमचे साखर टाकून. ती भाकरी थापताना गुनगुनली, की हा कान देऊन बसायचा... गानं चर्चमधलं हाय का, पेटीवरचं हाय का. मी म्हनलो, "बंकट, येडा हायेस काय बे? मेलाय तो." तर म्हनला, "आमच्यात मेलेला मेलेला राहात न्हाई काका. तीच तर पंचाइत हाय."

त्यांचं कसं हाय, सांगतो. त्यांच्यात भूतबित मानत न्हाईत. मानूस मेला की निजला. रस्त्यावर फिरत न्हाई, पिंपळावर बसत न्हाई, कुनाच्या अंगात येत न्हाई. निजून राहायचं. मंग शेवटच्या दिवशी कर्णा वाजनार, देवाची तुतारी म्हना, अन् समदे आपापल्या कबरीतून उठनार, ह्याच अंगानिशी. मला तर लई बरं वाटतं ऐकायला. पन बंकटच्या डोक्यात एकच घुसलं. कर्णा वाजंल तवा सुवार्ता कुठून उठंल? शांतवनच्या शेजारून. उठल्या उठल्या पयलं तोंड कुनाचं दिसंल तिला?

तो चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेला. इचारलं, दोन नवरे झालेली बाई तिथं कुनाची?

पाळकसाहेब हसले. म्हनले, "अरे, तिथं नवरा-बायको आसं नातंच राहात न्हाई. समदे देवदूतासारखे."

"पन वळख राहील का साहेब? मानूस मानसाला वळखंल का?"

"वळखंल की. वळख राहील."

"मंग झालं," बंकट म्हनला, अन् उठून आला.

दोन हजार तेवीस साल. एप्रिलची आठ तारीख, शनिवार. हनुमान जयंती होऊन दोन दिवस झालते. दुसऱ्या दिवशी त्यांचा ईस्टर, प्रभू उठल्याचा सन. त्या दिवशी पहाटं समदे कबरस्तानात जातेत, मेनबत्त्या लावतेत, फुलं ठेवतेत, गानी म्हनतेत. आदल्या दिवशी कबरींना चुना मारायचा. शांतवनच्या कबरीला केसरबाई मारायची, पन त्या साली म्हातारीचे गुडघे गेलते. सुवार्ता म्हनली, "अवो, आईला जमत न्हाई औंदा. तेवढा चुना मारून याल का? मला दवाखान्यातून सुट्टी न्हाई."

किती साधं काम. बंकट बी साधंच म्हनला, "येतो मारून."

दिवसभर तो अन् मी अंबाजोगाईला व्हतो, एका बंगल्याच्या न्हानीत फरशी चालू व्हती. दिवसभरात दहा शब्द बोलला आसंल. घरी पोचला तवा दहा वाजले व्हते. सुवार्तानं बादलीत चुना भिजवून ठेवलेला. पहाटंसाठी पांढरी साडी इस्तरी करत व्हती ती. ती साडी बगून ह्याच्या काळजाला चटका बसला. पयल्या नवऱ्याच्या कबरीवर जायला इस्तरी. ती म्हनली, "राहू द्या आता, सकाळी लवकर जाऊन मारू." हा म्हनला, "तू झोप."

ती झोपली. हा न्हाई झोपला. पाऊनेतीनला उठला. बादली घेतली, कुंचा घेतला. बादलीवर गोनपाट टाकलं. अन् गोनपाटाखाली... छन्नी अन् हातोडी.

तिचं नाव उडवायचं. बस. तेवढंच. मेल्याला काय करायचं न्हवतं त्याला. त्याचं नाव राहू दे, त्याची तारीख राहू दे. हिचं नाव तिथं नको. मी मेलो की माझ्या दगडावर घालतील म्हनला.

गाडीवर निघाला. कबरस्तान परळीच्या अंगाला, दोनेक किलोमीटर. त्या रस्त्यावर रातून थर्मलच्या राखेचे टिप्पर धावत आसतेत, तुमी बगितलं आसंल. दोन-तीन टिप्पर गेले, धुरळा उडाला, अन् मंग रस्ता एकदम मोकळा. चंद्र जरासा कापलेला, पन उजेड लख्ख. टॉर्च लावायची गरज न्हाई. फाटक ढकलून आत गेला. दुपारीच लोकांनी चुना मारलेला, समद्या कबरी पांढऱ्याफट. एकच काळवंडलेली. शांतवनची.

आधी चुना मारला त्यानं. मानूस कारागीर, बे. मनात काय बी आसू दे, हाताला खोटं काम येत न्हाई. चारी बाजूंनी दोन हात मारले. कडा साफ केल्या. दगडावर उडालेले शिंतोडे फडक्यानं पुसले. मंग बादली बाजूला ठेवली. उजव्या अंगाला, त्या राखलेल्या जागेवर, गुडघे टेकून बसला. कडक मुरुमाची जागा, गुडघ्याला खडे टोचत व्हते म्हनला. नावावरून बोट फिरवलं.

सु. वा. र्ता.

'सु'वर छन्नी लावली.

ठक्.

कडप्पा टनक आसतो. पन त्याचा हात बसलेला. ठक्. ठक्. चार घावात 'सु' उडाला. फुंकर मारली. बरं वाटलं म्हनला. पाच वर्सांत पयल्यांदा बरं वाटलं.

'वा'वर छन्नी लावली.

ठक्.

"भाऊ..."

बंकट थांबला. रस्त्याकडं बगितलं. कुनी न्हाई. फाटक लावलेलं. वाटलं, वाऱ्याचं काय तरी. पन वारा न्हवता.

ठक्.

"भाऊ... वाजला का?"

आवाज खालून आला.

लांबून न्हाई. खालून. झोपमोड झालेल्या मानसाचा आवाज. पहाटची गाडी धरायची आसली की मानूस अंथरुनातून इचारतो बगा, किती वाजले, टाइम झाला का... तसा. भ्या घालनारा न्हाई. साधा. जरा घोगरा.

बंकटला कळलं. काय वाजला का, ते बी कळलं. हातोडीच्या आवाजानं जाग आलती. त्याला वाटलं, कर्णा.

बंकटची छन्नी 'वा'वर तशीच टेकलेली. त्याच्या तोंडून निघालं,

"न्हाई."

"बरं."

बस. गप झालं.

आता तुमी सांगा, तुमी काय केलं आसतं? पळाला आसता. मी बी पळालो आसतो. बंकटनं मला सांगितलं, "काका, मी बी उठलोच व्हतो. पन ते 'बरं' मला खपलं न्हाई." कसं बोलला तो... निवांत. घाई न्हाई. ज्याला खात्री आसती त्याचा आवाज तसा आसतो. आज न्हाई तर उद्या वाजंल, मंग आपली मानसं आपल्याजवळच हायेत. ते 'बरं' ऐकलं अन् भीती मागं राहिली, जळन पुढं आली. बग बे, जळनारा मानूस भुताला बी भेत न्हाई.

परत बसला. 'वा'वर छन्नी लावली.

ठक्. ठक्. ठक्.

'वा' गेला.

"ती आली का?"

बंकटनं 'र्ता'वर छन्नी लावली.

"भाऊ... आली का ती?"

"येनार न्हाई." बंकट बोलला. दात आवळून बोलला. "ऐकलं का? येनार न्हाई ती. माझी हाय. माझ्या घरी निजलीय. माझ्यासंगं उठंल."

...

काय बी न्हाई. रातकिडा न्हाई. कुत्रं न्हाई. रस्त्यावर टिप्पर न्हाई.

...

बंकटला वाटलं, जिंकलो.

मंग खालून आवाज आला. हळू. त्यात राग न्हवता. नवल व्हतं.

"मंग... माझ्या कुशीला कोन निजलंय?"

...

बंकटचे गुडघे त्याच जागेवर टेकलेले. उजव्या अंगाच्या. मोकळ्या.

अन् त्या गुडघ्याखाली...

एक सुस्कारा.

झोपेत कूस बदलताना बाईमानूस सोडती तसा. लांब. नाकातून. शेवटाला जरा अडकलेला.

त्यानं तो वळखला. पाच वर्सं रोज राती ऐकत व्हता.

...

छन्नी कुठं पडली, हातोडी कुठं पडली, ठाऊक न्हाई. गाडी तिथंच. दोन किलोमीटर मानूस पळत आला. दार उघडलं. दिवा लावला.

सुवार्ता निजलेली. अंगावर चादर. तोंड भितीकडं.

हात लावायचा धीर व्हईना. उभाच राहिला. चादर हलती का बगत. हलत व्हती... न्हाई... हलत व्हती. तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

"काय झालं वो? घाम कावून आलाय एवढा?"

तिनं त्याचा हात धरला. हात गरम. जिता. बंकट लहान लेकरावानी रडला. काय झालं ते सांगितलं न्हाई. म्हनला, वाईट सपान पडलं.

साडेचारला समदे निघाले. ह्याला जायचं न्हवतं, पन न जाऊन सांगायचं काय? मेनबत्त्या घेऊन रांगंनं लोक आत शिरले. गानं चालू. केसरबाईला दोघींनी धरून आनली. म्हातारीची नजर अधू, ती दगड हातानं चाचपायची. आधी ल्येकाचं नाव चाचपलं. मंग सुनंचं. बोटं खड्ड्यात गेली.

"नाव कुठं गेलं ग?" म्हातारी म्हनली. "ग सुवार्ते, तुझं नाव कुठं गेलं?"

गानं थांबलं. पुढच्या लोकांनी मेनबत्त्या वर धरल्या. नुसता 'र्ता' राहिलेला. खाली छन्नी पडलेली. ती छन्नी कुनाची, सुवार्ताला सांगायची गरज न्हवती. तिनं वाकून उचलली अन् पदराखाली घेतली. मंग सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, मीच काढायला सांगितलं."

म्हातारीनं हात मागं घेतला. फुलं ठेवली, तिची अन् सुनंची बी. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली.

माघारी फिरताना सुवार्ता बंकटला बाजूला घेऊन म्हनली, "मला इचारायचं तर व्हतं."

"तुला राग न्हाई आला?"

"तीन वर्सं झाली, मीच तुमाला सांगनार व्हते. माझंच नाव वाचायचं अन् त्याच्यावर फूल ठिवायचं, कसं तरी वाटतं वो. आईला काय वाटंल म्हनून गप बसले." जरा थांबली. "त्या वक्ताला मला वाटलं, मी बी मेले. खरंच मेले व्हते. ज्या सुवार्तानं ते नाव घालू दिलं ना, ती त्याच्यासंगंच गेली. तुमच्या घरात आली ती येगळी. पुन्ना उठलेली म्हना. उगं जळता तुमी."

तिनं समजूत काढायला म्हनलं. दुसऱ्या कुना नवऱ्याला किती गोड वाटलं आसतं. बंकटला मातीतला तो सुस्कारा आठवला. त्यानं तिला आजपतूर सांगितलं न्हाई, राती काय ऐकलं ते. अन् तवापसून दिवस मावळला की छन्नीचा ठोका न्हाई.

सोमवारी सकाळी तो माझ्याकडं आला. म्हनला, काका, चला. टेप घ्या तुमचा. कशाला, ते सांगंना. आमी दोघं कबरस्तानात गेलो. तिथं उभं राहून मंग समदं सांगितलं, पयल्यापसून. मी म्हनलो, झोप न्हाई, डोकं फिरलंय तुझं. त्यानं बोटानं दाखवलं.

कबरीच्या उजव्या अंगाची जमीन खचली व्हती.

भागवत, तू पाया खोदतोस, तुला ठाऊक हाय. जमीन कवा खचती? एकदा खोदून भरलेली आसली तर. वर्स-दोन वर्सांनी माती खाली बसती. न खोदलेला मुरूम खचत न्हाई. पाऊस न्हवता, घूस न्हवती, उकरल्याची खूण न्हवती. केसरबाईनं त्या जागेत कुनाला फूलझाड बी लावू दिलं न्हवतं. मी पहार मारून बगितली बाजूला. टनाटन वाजत व्हती. अन् तिथं, चार बोटं खोल, मानूस निजावा तसा आकार. मी टेप लावला. पाच फूट एक इंच.

सुवार्ताची उंची मी इचारली न्हाई. बंकटनं सांगितली न्हाई.

बंकट लई येळ त्या खड्ड्याच्या डोक्याकडच्या बाजूला बगत बसला व्हता. तिथं जरा जास्त खोल व्हतं, वाटीएवढं, डोकं टेकल्यावर उशी दबती तसं. मला वाटलं भ्यालाय. पन त्यानं मान वर केली तवा त्याच्या डोळ्यात भीती न्हवती. मी वळखतो ते डोळे. चहाच्या टपरीवर चार चमचे साखर ढवळताना रोज बगितलेले.

"काका," तो म्हनला, "तोंड कुनीकडं करून निजलीय हो?"

मी वाकून बगितलं. ती वाटी सरळ न्हवती. एका अंगाला कललेली व्हती.

शांतवनच्या.